आमटीत पूड कालवण्याआधी

या वेळचं पत्र साताऱ्याजवळच्या एका आईचं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

'ताई, नमस्कार. माझं वय ५८. थोरला मुलगा ३४ वर्षांचा, एमआयडीसीत सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. मालक दारूपायीच गेले, काविळीनं. वाटलं होतं, बापाचं बघून पोरगा शहाणा होईल. लग्न केलं की सुधारेल म्हणून सहा वर्षांपूर्वी लग्न लावून दिलं. आता रोज दोन क्वार्टर लागतात. सकाळी हात इतके थरथरतात की चहाची बशी धरवत नाही. एक नव्वद पोटात गेली की थांबतात. मार्चमध्ये त्यानं सुनेवर हात उचलला. ती नातवाला घेऊन माहेरी गेली. संसारात असं चालायचंच, तिनं साथ द्यायला हवी होती असं मला वाटतं.

गेल्या दिवाळीत मी आणि धाकट्यानं त्याला माडीवरच्या खोलीत कोंडलं. दारू मिळालीच नाही तर सुटेल, असा विचार केला. तिसऱ्या रात्री तो गोधडीवरून काहीतरी वेचायला लागला. म्हणाला, "आई, ज्वारी सांडलीय बघ, मुंग्या लागतील." ज्वारीचा एक दाणा नव्हता तिथं. अंग घामानं निथळत होतं, मला ओळखेना. बाहेरचं काही लागलं म्हणून देवर्ष्याकडे नेलं. त्यानं अंगारा लावला. परत येताना ह्यानं वाटेत प्यायली आणि शांत झाला.

सुपरवायझरचा फोन आला की मीच सांगते, ताप आहे. दुकानातली उधारी मीच भागवते, नाहीतर चारचौघांत अब्रू जाईल. आता चुलत जावेनं दोन हजार रुपयांची एक पुडी आणून दिलीय. आमटीत कालवायची, वास नाही, चव नाही, त्याला कळू द्यायचं नाही. पुडी मिसळणाच्या डब्यामागं ठेवलीय. देऊ का? आणि हे रक्तातच असतं का? माझं काय चुकलं?'

ताई, पुडी देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, दोनदा वाचा, पण एवढं आजच्या स्वयंपाकाआधी ठरवून टाका.

त्या पुडीत काय आहे हे जावेला माहीत नाही, विकणाऱ्यालाही बहुधा नसेल. निव्वळ खडूची भुकटी असेल तर दोन हजार गेले एवढंच. पण अशा 'न सांगता द्यायच्या' पुडीत डायसल्फिराम नावाचं खरं औषध कुटून घातलेलं असू शकतं, आणि भीती त्याची आहे. हे मुळात रबराच्या कारखान्यात वापरलं जाणारं रसायन. १९४०च्या दशकात डेन्मार्कमधले दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून त्याचा अभ्यास करत होते. स्वतः घेऊन बघितलं, आणि त्या काळात दारूचा घोट घेतला की दोघांनाही भयंकर मळमळायला लागलं. तिथून ते दारूवरचं औषध झालं.

आपलं यकृत दारू दोन पायऱ्यांनी पचवतं. पहिल्या पायरीला एक विषारी पदार्थ तयार होतो, दुसऱ्या पायरीला तो निरुपद्रवी होतो. डायसल्फिराम ही दुसरी पायरीच अडवतं. म्हणजे औषध पोटात असताना माणूस प्यायला की ते विष अंगात साठतं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून डॉक्टर ती देतात तेव्हा आधी दारू पूर्ण थांबलेली असते, यकृताच्या तपासण्या होतात, आणि पेशंटला समोर बसवून सांगतात की बाबा, यावर प्यायलास तर असं असं होईल, कबूल आहे का? तो 'हो' म्हणाला तरच गोळी.

तुमचा मुलगा आमटी खाऊन उठेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्वद मारेल, कारण न मारून त्याला चालतच नाही. पुढचं तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

यात एक मजा आहे, मजा म्हणणं बरोबर नाही खरं तर. हेच औषध पेशंटच्या संमतीनं, रोज सकाळी घरातल्या माणसानं हातावर ठेवलं आणि त्यानं ते समोर गिळलं, तर ते जास्त चांगलं लागू पडतं. म्हणजे औषध आईच्या हातूनच द्यायचं असतं, फक्त आमटीतून नाही. उद्या डॉक्टर म्हणाले की आईनं रोज गोळी द्यायची, तर त्या दिवशी तुमच्या हातचं त्यानं विश्वासानं घेतलं पाहिजे. आज पुडी कालवलीत आणि ते त्याला कळलं, आणि ते कळतंच, तर तो तुमच्या हातचा चहासुद्धा हुंगून पिईल.

आता त्या ज्वारीच्या रात्रीबद्दल. तुमच्या पत्रातलं हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. बाहेरचं काही लागलं नव्हतं. आतलंच होतं, आणि ते जिवावरचं होतं.

दारू मेंदूला मंद करते. रोज, वर्षानुवर्षं दारू पोटात गेली की मेंदू त्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. रस्सीखेच समजा. एका बाजूनं दारू ओढतेय, दुसऱ्या बाजूनं मेंदू. दोन्ही बाजू तोलून उभ्या, म्हणून माणूस दोन क्वार्टर पिऊनही मशीन चालवतो. अशा वेळी दारूनं एकदम दोर सोडला तर समोरचा गडी उताणा पडतो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास व्हायला लागतात. भिंतीवर पाली दिसतात, अंगावर किडे चालतात, कुणी गोधडीवरून दाणे वेचतं. दिवस कोणता, समोर कोण, कळत नाही. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस जातो. तुमचा मुलगा त्या रात्री वाटेत प्यायला आणि 'शांत झाला', कारण दोर पुन्हा ओढला गेला. श्रेय अंगाऱ्याला मिळालं असेल.

म्हणून पुन्हा कोंडू नका. सकाळी हात थरथरतात आणि नव्वद मारली की थांबतात, ही खूण सांगते की त्याचं शरीर दारूवर उभं आहे. अशा माणसानं घरच्या घरी, एका दिवसात, शपथ घेऊन दारू तोडायची नसते. 'मर्द असशील तर आजपासून सोड' हे वाक्य त्याच्यासाठी धोक्याचं आहे. दवाखान्यात हे पाच-सात दिवस नीट काढता येतात. थरथर आणि फिट टाळणाऱ्या गोळ्या देऊन त्या रोज थोड्या थोड्या कमी करत आणतात, आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. पिणाऱ्यांच्या अंगात बी-वन फार कमी असतं, ते भरलं नाही तर पुढे तोल आणि आठवण कायमची बिघडू शकते. गावातल्या डॉक्टरकडे नेलंत तर लाजून 'अशक्तपणा आहे हो' एवढंच म्हणू नका, नाहीतर ते नुसतं सलाईन लावून पाठवतील. स्पष्ट सांगा: रोज दोन क्वार्टर, शेवटची कधी घेतली, मागे दिवाळीत भास झाले होते. हे तिसरं तर नक्की सांगा, कारण एकदा झालेलं पुन्हा होण्याची शक्यता जास्त. आणि घरी असताना फिट आली किंवा भास सुरू झाले तर वाट बघायची नाही, १०८ला फोन.

रक्तातच असतं का, विचारलंत. थोडं असतं. जुळ्या भावंडांवरच्या आणि कुटुंबांवरच्या अभ्यासांतून असं दिसतं की या आजाराच्या धोक्याचा साधारण निम्मा भाग अनुवंशानं येतो. उरलेला निम्मा भाग संगत, वय, मनावरचे ताण, कोपऱ्यावरचं दुकान, यांचा. तुमच्या मुलाला वडिलांकडून कलंडणारी जमीन मिळाली, पण घरंगळणं ठरलेलं नव्हतं. 'बापाचं बघून शहाणा होईल' हे म्हणूनच चाललं नाही. बघून शहाणपण येतं, पण ओढ शहाणपणाला विचारत नाही. नेहमीच्या पिण्यानं मेंदूतली बक्षिसाची यंत्रणाच बदलते, पोरापेक्षा, पगारापेक्षा, जेवणापेक्षा ती बाटली आधी दिसायला लागते. नातू मांडीवर असतानाही त्याचं लक्ष घड्याळाकडे असायचं, असं झालंय का कधी? तो निर्दयी झाला म्हणून नव्हे. पण म्हणून त्याची जबाबदारी संपली असंही नाही. मधुमेह कुणी मुद्दाम आणत नाही, तरी गोळी ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

आणि लग्न हे दारूवरचं औषध नाही, हे तुम्हाला आता मी सांगायला नको. पत्रातच तुम्ही ते एका ओळीत कबूल केलंय. वाचणाऱ्या इतर आयांसाठी पुन्हा लिहिते एवढंच.

आता 'माझं काय चुकलं'. याचं उत्तर द्यायला मला जरा माझ्या घरात जावं लागेल.

माझा धाकटा काका प्यायचा. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत किराण्याच्या वह्या सापडल्या, पंधरा-सोळा असतील. आजीचं अक्षर गोल, सुबक. साखर २ किलो. साखर ३ किलो. साखर २ किलो. एका महिन्यात एकवीस किलो साखर, आणि घरात माणसं पाच. आई वही बघत राहिली आणि म्हणाली, 'आपल्याकडे एवढा चहा कधी होत होता?' मग तिच्या लक्षात आलं. आजोबांना हिशेब दाखवायचा असायचा, म्हणून काकाची उधारी आजी साखरेत लिहायची. पंधरा वर्षं. काकाला वाटायचं आईला काही कळत नाही, आजोबांना वाटायचं पोरगा जरा वाया गेलाय पण इतका नाही, आणि सगळं ठाऊक असणारी एकटी आजी रात्री देवाजवळ बसायची.

आजीचं चुकलं का? मला तसं म्हणवत नाही. पण तिनं जे केलं त्यानं काकाला प्यायची किंमत कधी मोजावी लागली नाही, ती किंमत ती मोजत राहिली. तुमची उधारी, तुमचा सुपरवायझरला सांगितलेला ताप आणि आता मिसळणाच्या डब्यामागची पुडी, हे सगळं मला आजीच्या त्या साखरेसारखं दिसतं. तो चोरून पितो, तुम्ही चोरून झाकता, आणि आता औषधही चोरून. त्या घरात उघडपणे एकच गोष्ट झाली, सून उठून गेली. म्हणून तिच्याबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे, पण त्यावर पुढे येते.

मग करायचं काय? झाकणं थांबवायचं, माया नाही. पुढच्या वेळी फोन आला की 'ताप आहे' म्हणू नका. चुगलीही करू नका. 'तो घरी आहे, त्याच्याशीच बोला' म्हणून फोन त्याच्या हातात द्या. दुकानदाराला एकदा जाऊन सांगा, तेही मुलाला आधी सांगून, की इथून पुढची उधारी मी भरणार नाही. दुकानदार थोडा वाकडं बोलेल. अब्रूचं म्हणाल, तर ताई, गल्लीला हे पाच वर्षांपासून माहीत आहे. ज्यांच्यापासून लपवताय त्यांच्या घरी हीच चर्चा असते.

पण ताट वाढायचं. काही लोक सांगतील, घराबाहेर काढा, जेवण बंद करा, मग ठिकाणावर येईल. मी याच्या विरोधात आहे. उपाशी पोटी पिणं त्याच्या यकृताला आणि त्या बी-वनला आणखी महागात पडेल. भाकरी द्यायची, प्यायलेला असताना वाद घालायचा नाही, आणि रात्री केलेली घाण सकाळी त्यानं स्वतः साफ करायची. तुम्ही पहाटे उठून फडक्यानं पुसून, उदबत्ती लावून ठेवता ना? त्याला आठवतही नाही रात्री काय झालं. त्याला ते दिसू दे.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये याचा एक नीट अभ्यास झाला, १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. उपचाराला ठाम नकार देणारी पिणारी माणसं, आणि त्यांच्या घरचे १३० जण. काही घरच्यांना शिकवलं की सगळ्यांनी मिळून त्याला घेरा, जाब विचारा. काहींना शिकवलं की न प्यायलेल्या वेळी त्याच्याशी चांगलं वागा, प्यायल्यावर बाजूला व्हा, झाकू नका, आणि योग्य क्षणी उपचाराचं सुचवा. घेरणाऱ्यांच्या घरातली ३० टक्के माणसं उपचाराला आली. दुसऱ्या पद्धतीत ६४ टक्के. आपल्याकडे मात्र अजून 'चार माणसं बोलावू, मामाला आणू, चांगला दम देऊ' हेच चालतं. मामा दम देतो आणि संध्याकाळी त्याच दमावर पोरगा दोन पेग जास्त मारतो.

बोलायची वेळ शोधा. पहाटे थरथरत असताना नाही, रात्री तर नाहीच. दुसऱ्या पाळीला जाण्याआधी, दहा-अकराला, त्याला जरा बरं वाटतं असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. एकटेच बसा, धाकट्याला बाहेर पाठवा. बोलणं लहान ठेवा. 'बेवडा', 'बापावर गेलास', 'आमचं वाटोळं केलंस', यातलं काही नको. जे डोळ्यांनी बघितलं ते सांगा. असं काहीसं:

'दिवाळीत तू गोधडीवरून ज्वारी वेचत होतास. तुला आठवत नसेल. मी तुला कोंडलं, ते चुकलं माझं, तुझा जीव जाऊ शकला असता. आता मी कोंडणार नाही, आणि उधारीही भरणार नाही. डॉक्टर म्हणतात याला औषध आहे, सात दिवस दवाखान्यात काढले की हात थरथरायचे थांबतील. मी येते बरोबर. सोमवारी जाऊ का?'

आणि गप्प बसा. तो उठून जाईल बहुतेक. जाऊ दे. महिनाभरानं, कुठेतरी पडून आला, पगार कापला गेला, पोराचा फोन आला आणि डोळे भरले, अशा एखाद्या दिवशी हेच वाक्य पुन्हा म्हणा. त्या दिवशी कुठे जायचं, गाडी कोणाची, किती पैसे, आधार कार्ड कुठे, हे तुमच्याजवळ तयार हवं. 'हो' फार थोडा वेळ टिकतो. दुपारी हो म्हटलेला माणूस संध्याकाळी विसरतो.

कुठे जायचं, तर तुम्ही साताऱ्याजवळच्या आहात, म्हणजे तुमच्या जवळच, साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथंही जाता येईल. पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं, तेव्हा गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या पोरांसाठी, आता दारूचेच पेशंट खूप असतात. तिथं पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो, म्हणजे घरच्यांनाही उपचार लागतात हे त्यांनी फार आधी ओळखलं. आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं. फोन करायला पिणाराच लागतो असं नाही, आईनं केला तरी चालतो. देशात २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी सर्वेक्षणात दिसलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो. बाकीचे सदतीस बहुतेक माडीवरच्या खोलीत, देवर्ष्याकडे आणि पुडीवर.

एक सावधगिरी. रात्री जीप पाठवून, हात बांधून घेऊन जाणारी 'केंद्रं'ही आहेत. घरचे वैतागलेले असतात, तेही म्हणतात न्या एकदाचा. नको. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या वापरातून येणारे मनाचे आजारही धरलेले आहेत, आणि साखळीनं बांधायला त्या कायद्यानं सक्त मनाई आहे. केंद्रात जाल तेव्हा साधे प्रश्न विचारा. मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात का? रात्री फिट आली तर डॉक्टर कोण? मी भेटायला कधी येऊ? शेवटच्या प्रश्नाला 'महिनाभर भेटायचं नाही, फोनही नाही' असं उत्तर आलं तर चपला घालून बाहेर या.

नातेवाईक माळ घालायला सांगत असतील. तुम्ही लिहिलं नाहीत, पण साताऱ्यात असं सांगणारं कुणी भेटलं नसेल हे शक्य नाही. माळेला माझा विरोध नाही. माळ घातली की एकादशी येते, भजनाची मंडळी येतात, संध्याकाळी सात वाजता बसायला दुकानाशिवाय एक जागा मिळते. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या मीटिंगमध्ये तरी दुसरं काय असतं? न पिणाऱ्या माणसांची संगत, आणि फक्त आजचा दिवस. पण माळ त्याला स्वतःला घालावीशी वाटली पाहिजे, आणि दवाखान्यातल्या त्या सात दिवसांनंतर. थरथरत्या माणसाला पंढरपूरला नेऊन चंद्रभागेत उभं करू नका.

आता सून. ताई, तिला मार बसला. आजार असला म्हणून मार सहन करायचा असा नियम नाही, तुमच्या वेळी होता, तेव्हाही चुकीचा होता. तुम्ही मालकांचं किती सोसलंत ते पत्रात लिहिलेलं नाहीत, पण 'संसारात असं चालायचंच' या वाक्यात ते सगळं आलंय. ती गेल्यामुळे तुमचा नातू रोज रात्री दाराच्या कडीचा आवाज ऐकून गोधडीत तोंड लपवत नाहीये. तिला परत बोलवायला फोन करू नका, आणि 'तो सुधारलाय गं' असं तर अजिबात सांगू नका, कारण तो अजून सुधारलेला नाही. फोन करा तो वेगळ्या कारणासाठी. 'तू गेलीस ते बरोबर केलंस, मी त्याच्या उपचाराचं बघतेय, नातवाला भेटायला मी येऊ का?' एवढंच. ती यायची की नाही, कधी यायची, हे तिनं ठरवायचं. आणि त्यानं तुमच्यावर हात उचलला तर आईपण बाजूला ठेवा आणि ११२ला फोन लावा.

समजा तो गेला, राहिला, परत आला. पहिले तीन महिने घर काचेच्या भांड्यासारखं वाटेल. त्याचा श्वास हुंगू नका. खिसे तपासू नका. पगाराच्या दिवसाचं त्याच्याशी बोलून आधीच ठरवा: पैसे कुणाच्या खात्यात, घरी कोणत्या रस्त्यानं. तो नेहमीच्या दुकानावरून येणारा रस्ता काही महिने सोडावा लागेल, भले दोन किलोमीटर जास्त पडू देत. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळांना ओढ जास्त असते. तिसरी पाळी करून उपाशी पोटी आलेला माणूस म्हणजे यातल्या दोन तर झाल्याच. त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवणं हे त्या वेळी औषधाइतकंच कामाचं. गावची यात्रा या वर्षी चुकवा. मटण, पाहुणे, आणि 'अरे एक घेतली तर काय होतंय' म्हणणारा एक तरी साडू, या तिन्हींपासून पहिल्या वर्षी त्याला वाचवणं सोपं नाही.

तो घसरेल, याची तयारी ठेवा. केंद्रातली माणसं 'स्लिप झाली' म्हणतात. एकदा प्यायला म्हणजे सगळे पैसे आणि सात दिवस पाण्यात गेले असं नसतं. त्याच दिवशी, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्या. माझा काका चार वेळा दाखल झाला. चौथ्या खेपेला आजी नव्हती, उधारी कुणी साखरेत लिहिली नाही. त्यानंतर तो अकरा वर्षं न पिता जगला आणि शेवटी हृदयविकारानं गेला. आजीनं उधारी साखरेत लिहिली नसती तर चौथ्या वेळेपर्यंत जायची वेळच आली नसती, की तरीही आली असती, यावर आमच्या घरात अजून वाद होतात.

तुम्ही स्वतः काय करायचं, हे तुम्ही विचारलंच नाहीत. अल-अनॉन म्हणून एक संघटना आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी, १९५१ पासून. त्यात कुणी तुमच्या मुलाला बरं करत नाही, बाया आपापलं बोलतात आणि दुसरीचं ऐकतात. जवळपास असेल तर चौकशी करा. नसेल तर परिवर्तनमध्ये घरच्यांसाठी काय असतं ते विचारा, मुलगा अजून तयार नसला तरी. पहिल्यांदा तुम्हीच जा.

आणि पुडी फेकून देऊ नका. मिसळणाच्या डब्यामागून काढा, एका पिशवीत घालून बांधा, वर चिठ्ठी लावा, आणि पहिल्यांदा डॉक्टरकडे जाल तेव्हा त्यांच्या टेबलावर ठेवा. जावेनं आणखी कुणाला अशी पुडी दिली असेल तर तेही विचारून घ्या. आज आमटीत फक्त चिंच-गूळ घाला.